डाळिंबाच्या क्रेटवरचा प्रश्न

मी एका मुलीच्या प्रश्नावर हसलो होतो. नुसता हसलो नाही, पाहुण्यांनी भरलेल्या खोलीला हसवलं. ज्या खोलीत कुणी कुणाच्या प्रश्नावर हसायचं नाही असा नियम मीच घातला होता, त्याच खोलीत. ती मुलगी सहावीत होती, आणि मी तिचा शनिवारचा सर होतो. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नाही. बायकोलाही नाही. आता सांगतो आहे, कारण परवा ती गाडी दिसली.

उंब्रजला मोठ्या रस्त्याच्या कडेला एक भंगारचं आवार आहे. घरच्या पाइपलाइनला जोड हवा होता, तो शोधायला मी तिथं गेलो होतो. पत्र्यांच्या ढिगामागं पांढरी गाडी उभी. चाकं नाहीत, चारी बाजूंना विटा लावलेल्या. अंगावर एके काळी रंगवलेला बेडूक आणि शनी ग्रह. बेडूक उन्हानं फिका पडलेला, शनीची कडी मात्र अजून पिवळीधमक. आमची फिरती प्रयोगशाळा. मी मागचं दार ओढलं. ते कुरकुरत उघडलं आणि आतून वास आला.

वास म्हणजे काय असतो नक्की? तो इतकी वर्षं बंद पत्र्यात बसून राहतो, की आपणच दार उघडता उघडता आठवणीतून बाहेर काढतो? मला माहीत नाही. पण तो आला हे खरं. आधी विझलेल्या मेणबत्तीचा, मग स्पिरिटचा, मग व्हिनेगरचा. आणि या सगळ्यांच्या खाली, ओलसर, उबदार, लोकरीचा.

शनिवारी पहाटे आम्ही निघायचो. गाडी चालवायला फौजीबापू. ते सैन्यातून निवृत्त होऊन आले होते, आणि गाडी सुरू करताना दर वेळी स्वतःशीच ‘चलो’ म्हणायचे. मागं काचेच्या नळ्या एकमेकींवर किणकिणत असायच्या. मसूर गाव मागं पडलं की ऊस विरळ होत जायचा. औंधच्या पुढं हिरवा रंग संपायचा आणि जमीन आपला खरा रंग दाखवायची, तपकिरी, कुठं राखाडी, कुठं गंजासारखी. वारा मोकळा व्हायचा. माण तालुक्याच्या शेवटच्या टोकाला, सांगली जिल्हा जिथून हाकेवर होता, तिथं एक शाळा होती. दोन खोल्या, एक कडुलिंब, आणि कडुलिंबाखाली गाडीची वाट बघत बसलेली पोरं. धूळ दिसली की ती उठून उभी राहायची. आवाज करायची नाहीत. नुसती उभी राहायची.

त्या पोरांच्या घरी पुस्तक म्हणजे शाळेचंच पुस्तक. कुणाची आई डाळिंबाच्या बागेत छाटणीला जायची, कुणाचे वडील मेंढ्या घेऊन अर्धं वर्ष बाहेर. आमचं काम एवढंच होतं की शनिवारी त्यांच्या हातात भिंग द्यायचं, नळी द्यायची, चुंबक द्यायचा आणि बाजूला व्हायचं. बाजूला होणं मला फार अवघड जायचं. मी स्वतः उंब्रजच्या शाळेत शिकलो. तिथं प्रश्न मास्तर विचारायचे आणि उत्तर आम्ही द्यायचो, उलट कधी झालं नाही. एकदा मी विचारलं होतं की नदीला आपण खाली जातोय हे कळतं का. मास्तरांनी माझ्याकडं असं बघितलं की नदीसुद्धा थांबली असती.

म्हणून मी एक रीत घातली. कोपऱ्यात डाळिंबाचं रिकामं क्रेट उलटं ठेवायचं. दर शनिवारी एकानं त्यावर उभं राहायचं आणि आपला प्रश्न विचारायचा. हसायचं नाही, हा पहिला नियम. दुसरा नियम पोरांना सुरुवातीला पटत नसे. त्या दिवशी उत्तर द्यायचं नाही. कुणीच नाही, सरांनीसुद्धा. आठवडाभर प्रत्येकानं तो प्रश्न घरी न्यायचा, रानात न्यायचा, आजोबांना विचारायचं, करून बघायचं, आणि पुढच्या शनिवारी जे सापडलं ते घेऊन यायचं.

काय काय प्रश्न उभे राहिले त्या क्रेटवर. मुंगी उंचावरून पडली तरी लंगडत का नाही. दव वरून पडतं तर छपराच्या आतल्या बादलीवर कसं येतं. झोपेत खाज सुटली तर खाजवणारा हात कोण हलवतं. पुढच्या शनिवारी पोरं बादल्या, मुंग्या, झोपलेल्या भावंडांच्या हकिकती घेऊन यायची. एकानं चिंचेवरून मुंग्या सोडून बघितल्या होत्या, आणि ‘एकबी लंगडली न्हाई सर’ हे त्यानं कोर्टात साक्ष द्यावी तसं सांगितलं. खोलीत कांद्याच्या पापुद्र्याचा, पेटलेल्या कापराचा, भिंगाखाली जळणाऱ्या कडुलिंबाच्या पानाचा वास कोंडलेला असायचा. बाहेर फौजीबापू गाडीच्या पायरीवर बसून ऐकायचे, आणि परतीच्या वाटेवर मला विचारायचे, ‘आवं सर, पर खरंच, हात कोण हलवतंय?’

माया जूनमध्ये यायची. शाळा सुरू होऊन गेलेली असायची, मग एका शनिवारी ती कडुलिंबाखाली दिसायची. तिच्या घरच्यांचा कळप तेव्हाच घाटाखालून परत यायचा. घरी तिला मायाक्का म्हणत, शाळेत माया. इतर पोरं तिच्याशेजारी बसत नसत, मेंढरांचा वास येतो म्हणून. तीही दारातच बसायची, आणि प्रयोग सुरू असताना नळीकडं न बघता नळी धरणाऱ्याकडं बघत राहायची.

एका शनिवारी आम्हाला खोलीत पूर्ण अंधार हवा होता. खिडक्यांना झडपा नव्हत्या. मी वर्तमानपत्रं चिकटवली, ती फाटली. तेव्हा माया उठून गेली आणि डोक्यावर घोंगड्यांचा भारा घेऊन आली. तिच्या मागं तिचे दोन काका, त्यांच्याही खांद्यावर घोंगडी. सगळ्या खिडक्या काळ्या झाल्या. खोलीत लोकरीचा तो ओला, उबदार वास भरला आणि त्या दिवशी कुणी नाक धरलं नाही. एका खिडकीत पुठ्ठा लावून मी त्याला बारीक भोक पाडलं. आधी काही दिसेना. मग डोळे सरावले, आणि समोरच्या भिंतीवर अख्खं शिवार उमटलं. उलटं. आकाश खाली फरशीशी, टेकडी वर तुळईला लटकलेली. रंगसुद्धा होते, फिकट, पाण्यात विरघळल्यासारखे. तेवढ्यात बाहेरून कळप गेला. मेंढ्या भिंतीवर पाय वर करून, छताला चिकटून, एकामागं एक चालत गेल्या.

 त्या अंधारात मला कुणाचा तरी श्वास ऐकू येत होता. मग मायाचा आवाज आला, मी पहिल्यांदाच ऐकलेला. ‘ती तिसरी आमची लंगडी हाय. उलटीबी लंगडतीया.’ पोरं हसली. पण ते हसणं वेगळं होतं. त्यात तीही होती.

पुढच्या शनिवारी ती क्रेटवर चढली. तिचा पहिला प्रश्न मला अजून पाठ आहे. ‘उजेड सरळ चालतोय म्हनता. मग भोक बुजवल्यावर आत आल्याला उजेड कुठं जातोय?’ आवाज इतका बारीक की मागच्यांनी ‘मोठ्यांदा’ म्हणून ओरडा केला. तिनं पुन्हा विचारलं, थोडं मोठ्यानं. मग तिसऱ्यांदा, आणखी मोठ्यानं. क्रेटवरून उतरताना तिचं तोंड लाल झालं होतं, जणू ती टेकडीवरून धावत आली होती.

त्या पावसाळ्यात ती बदलत गेली. औंधला आम्ही सहल नेली, यमाईच्या डोंगरावर. पायऱ्यांवर ऊन, खाली गाव, हातात एकच दुर्बीण. पोरं आपापली घरं शोधत होती, आणि घर दिसलं नाही तरी दिसलं म्हणत होती. मायानं दुर्बीण उलटी धरली. उलट्या बाजूनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, ‘सर, तुमी लय लांब गेला.’ मग ती ज्याच्या त्याच्याकडं तशीच बघत फिरली. जवळचं लांब करून बघायची तिला त्या दिवशी फार गंमत वाटत होती. संध्याकाळी गाडीत तिच्याशेजारी जागेसाठी भांडण झालं. मला आठवतं ते भांडण. मी आरशात बघून खूश झालो होतो.

दिवाळीनंतर कळप पश्चिमेला निघाला की ती मागं राहणार, मावशीकडं राहून शाळा करणार, असं तिनं घरी सांगितलं होतं. तिनं स्वतःच. वडील हो म्हणाले नव्हते, पण नाहीही म्हणाले नव्हते. ती मला दर शनिवारी सांगायची, ‘आजून न्हाई म्हनलं न्हाईत.’

आणि मग पाहुणे आले.

आमचं काम ज्यांच्या मदतीवर चाललं होतं त्यांतली काही मंडळी पुण्याहून बघायला येणार होती. मला झोप लागेना. मी काय केलं, तर पोरांना प्रश्न वाटून दिले. ज्यांची उत्तरं गाडीत तयार होती असे प्रश्न. इंद्रधनुष्य कसं तयार होतं, कारण आमच्याकडं लोलक होता. लोखंड बुडतं तर जहाज का तरंगतं, कारण आमच्याकडं टब होता. पोरांनी ते पाठ केले. मायाला इंद्रधनुष्य दिलं होतं. खोली धुऊन काढली, क्रेटवर नवा टॉवेल टाकला. पाहुणे खुर्च्यांवर बसले, त्यांच्या कपड्यांना बागेसारखा गोड वास येत होता. प्रश्न आले, मी लगेच उत्तरं दिली, टाळ्या झाल्या. माया क्रेटवर चढली. तिनं माझ्याकडं बघितलं, मी लोलक हातात घेऊन तयारच होतो. आणि ती म्हणाली,

‘मेंढी कातरली का तिचं कोकरू तिला वळखत न्हाई. बघून पळतंय. मग ती वरडती. आवाज तर त्येला ठावा आसतोय. तरीबी ते जरा येळ नुसतं हुभं ऱ्हातंय. सर, तेवढ्या येळात त्येच्या मनात काय चालतंय?’

मोठ्यानं विचारलं. मी शिकवलं होतं तसं, पाठ ताठ ठेवून.

मी हातातल्या लोलकाकडं बघितलं. मग हसलो, आणि पाहुण्यांकडं वळून म्हणालो, ‘हा प्रश्न तिनं मेंढीलाच विचारायला पाहिजे.’ खोली हसली. पाहुणे हसले, शाळेच्या बाई हसल्या, पोरं तर फार हसली, कारण सरांनीच हसून दाखवलं होतं. मी पुढच्या मुलाला बोलावलं. माया टॉवेलची घडी न मोडता खाली उतरली.

परतीच्या वाटेवर फौजीबापूंनी काही विचारलं नाही. औंध गेल्यावर ते रस्त्यावरची नजर न काढता एवढंच म्हणाले, ‘पाव्हणं गेलं आपापल्या गावाला. पोरगी हितंच ऱ्हानार हाय.’

पण ती तिथं राहिली नाही. दिवाळीआधीच्या उरलेल्या शनिवारी ती दारात बसली, पहिल्यासारखी. मधल्या सुट्टीत पोरं तिला ‘मेंढीला इचार’ म्हणताना मी ऐकलं, आणि ऐकलं नाही असं केलं. दिवाळीनंतरच्या पहिल्या शनिवारी कडुलिंबाखाली ती नव्हती. कळपाबरोबर गेली, असं कळलं. वडिलांनी नाही म्हटलं असेल, किंवा मावशीची अडचण असेल, किंवा आणखी काही. मी विचारलं नाही. प्रश्न विचारायला शिकवणारा माणूस मी, आणि तेवढा एक मी विचारला नाही. जूनमध्ये ती आली नाही. क्रेटवर पोरं चढत राहिली, पण आता चढण्याआधी माझ्याकडं बघायची, कुठला विचारू म्हणून. पुढं गाडी बंद झाली. तिची जागा घ्यायला काही आलं नाही.

भंगाराच्या आवारात मी गाडीचं दार लावलं तेव्हा मागून कुणी तरी खाकरलं. फौजीबापू. काठी घेऊन, कानटोपी घालून. त्यांचं घर तिथून जवळच.

‘बघून घेतली व्हय?’ ते म्हणाले. ‘मी रोज बघतोय. भंगारवाला म्हनतोय, बापू, घिऊन जावा घरी, नातवंडं खेळतील. म्हनलं, गाडी घरात घेतल्यावर नातवंडं कुठं बसवू, गाडीत?’

आम्ही चहा घेतला. ग्लास खाली ठेवत ते म्हणाले, ‘ती पोरगी आलीया. माया. माझ्या पुतण्याच्या रानात मेंढरं बसल्यात, ऊस निघाल्याल्या वावरात. मला लांबनंच वळखलं तिनं. फौजीबापू म्हनाली.’

मी विचारलं, ‘माझ्याबद्दल काही बोलली?’

‘तुमचं नाव तिनं न्हाई काढलं. मीबी न्हाई काढलं.’ ते उठले. ‘चला.’

वावरात जाळीचं कुंपण होतं, आत मेंढ्या एकमेकींच्या पाठीवर माना टाकून बसलेल्या. खत पडावं म्हणून शेतकरी असा कळप बसवून घेतात. बाजूला घोडी बांधलेली, तीन दगडांची चूल, तिच्याशेजारी पितळी घागर. चुलीपाशी एक बाई फुंकणीनं जाळ करत होती. तिनं वर बघितलं. डोळे तेच, बघणाऱ्याकडं बघणारे.

‘सर, या की,’ ती म्हणाली. जणू मी कालच येऊन गेलो होतो. बसायला पटकूर झटकून टाकलं, आम्ही बसलो. तिची सासू आली, नवरा आला, राम राम झाला. तिच्या मागं एक मुलगी उभी होती, शाळेचा गणवेश अंगावरच.

‘नाव काय तुझं?’ मी विचारलं. मुलीनं आईकडं बघितलं.

‘आरोही,’ मायानं सांगितलं. ‘दुसरीत हाय. मेंढरं हितं हायती तवर हितल्या शाळंत बसवलीया. बाई म्हनत्यात, पोरगी तोंडच उघडत न्हाई.’

‘तोंड?’ सासू म्हणाली. ‘घरात या म्हनावं बाईंना. कुत्र्याला घाम का येत न्हाई, घोडी हुभ्यानं का झोपती, आजे तुझं दात कुठं गेलं. लय डोस्कं खाती.’

‘मग शाळेत का नाही बोलत?’

‘म्याच सांगितलंय तिला,’ माया म्हणाली. फुंकणी बाजूला ठेवली, डोळे पुसले, धुराचे. ‘घरात इचार काय इचारायचं ते. शाळंत न्हाई. शाळंत हसत्यात.’

तिच्या आवाजात राग नव्हता. तव्यावर हात लागला तर भाजतं, इतक्या साधेपणानं तिनं ते सांगितलं होतं. त्या मुलीनं ते तसंच घेतलं होतं. मला वाटत होतं माझी चूक एका शनिवारी झाली आणि तिथंच राहिली. पण ती चूक रोज सकाळी दप्तर घेऊन शाळेत जात होती.

‘माया,’ मी म्हणालो, ‘मला तुझी माफी मागायची आहे. त्या दिवसाबद्दल.’

‘ऱ्हाऊ द्या सर. पोरं लय दिस म्हनायची, मेंढीला इचार. आता कोन म्हनतंय?’ तिनं चहात गूळ टाकला. चहा ढवळला. मग म्हणाली, ‘आन माझी माफी मागून काय करता? माझं शिक्षन झालं तेवढं झालं. ही इचारती कवा कवा, आये, तुला समदी का हसली? मी काय सांगू? तिला वाटतंय, आईनंच काय तरी वंगाळ इचारलं आसंल.’

‘मग मी काय करू?’

‘तिला सांगा.’ तिनं नवऱ्याला जवळ बोलावलं, सासूला बस म्हणाली, फौजीबापूंकडं बघितलं. ‘समद्यांच्या म्होरं सांगा. तवाबी समदी हुती.’

मी मुलीसमोर उकिडवा बसलो. गुडघे दुखले. शाळेत वापरतो ती भाषा तोंडात येईना, माझ्या घरची आली.

‘आरोही, तुझ्या आईनं लय चांगलं इचारलं हुतं,’ मी म्हणालो. ‘आमच्या त्या खोलीत तेवढं चांगलं कुनीच कवा इचारलं न्हाई. मला त्येचं उत्तर येत नव्हतं. आजबी येत न्हाई. पाव्हणं बसलं हुतं, त्येंच्या म्होरं येत न्हाई म्हनायची मला लाज वाटली, म्हनून मी हसलो आन समद्यांना हसायला लावलं. लाज माझी हुती. ती मी तुझ्या आईच्या अंगावर टाकली.’

मुलगी माझ्याकडं बघत होती. मी तिच्या आईकडं वळलो.

‘तुझं काय चुकलं नव्हतं, माया. माझं चुकलं. मला माफ कर.’